जमिनीला सांगून

१२ जानेवारी

ताई, नमस्कार.

सोबतचं पार्सल भाऊजींच्या नावे आहे, तेव्हा ते फोडण्याचा मान त्यांचा. तू कात्री घेऊन आधी धावू नकोस. आत ‘निळा’ या मुखवटेवाल्या वीराच्या मालिकेचा शेवटचा सीझन आहे. गेल्या वर्षी तो टीव्हीवर लागत होता तेव्हा तुमच्या दुकानात वसतिगृहाच्या गाद्यांचं मोठं काम आलं होतं, आणि भाऊजींचे निम्मे भाग बुडाले होते. त्यावर त्यांनी मला फोनवर इतक्या दुःखानं सांगितलं होतं की जणू घरात कुणी गेलं. आता तो घरी बघायच्या डीव्हीडींमध्ये निघाला आहे. पाच डीव्हीडी, एका निळ्या डब्यात. पाहिजे तेव्हा लावा, पाहिजे तिथे थांबवा.

तू नाक मुरडशील हे मला माहीत आहे. जगाचं रक्षण करणारा माणूस आणि त्याला धड एक खिसा नाही, असं तू म्हणतेसच. तरी एखादा भाग बघ. या सीझनमध्ये निळा पूर्वीइतकी बडबड करत नाही. मला तो आवडला.

आईला मात्र उड्यांचे भाग दाखवू नका. उंचीवरून कुणी खाली पाहिलं तरी तिचे हातपाय गार पडतात. मालिका संपल्यापासून इथे कपडेपटात आवराआवर चालली आहे. पोशाख धुऊन, कागदात गुंडाळून ठेवले. गुडघे थोडे बोलतात. बाकी देवाची कृपा.

हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाकतो आहे. फोन आईच्या पलंगाशी असतो, आणि तिच्यासमोर तुला मोकळं बोलता येत नाही.

तुझा धाकटा


२ फेब्रुवारी

धाकट्या,

तू पार्सल पाठवलंस की माझा नवरा पळवलास, ते एकदा कळव. दुपारी एक वाजला की हे दुकानाच्या दारावर ‘जेवणाची सुट्टी’ ही पाटी लावतात आणि मागच्या खोलीत जाऊन बसतात. पाटी संध्याकाळपर्यंत तशीच. काल एक गिऱ्हाईक मला म्हणालं, “तुमचे मालक फार जेवतात हो.”

मागच्या खोलीत फोमच्या चवड्यांवर बसून हे बघतात. त्यांच्या शेजारी कोण असतं, सांगू? आई. तू नको म्हणालास, मीही नको म्हणाले. पण ती कापूस निवडायला म्हणून येते आणि तोंड टीव्हीकडे करून निवडते. परवा एका उशीत सरकी तशीच राहिली. गिऱ्हाईक उशी परत घेऊन आलं. मी काही बोलणार तेवढ्यात आईच त्याला म्हणाली, “झोपेत टोचली का? मग गाढ झोप लागत नसेल तुम्हाला.” तो बिचारा माफी मागून गेला.

उड्या आल्या की ती डोळे मिटते आणि विचारते, “पोचला का खाली?” हे “पोचला” म्हणाले की उघडते.

आता खरी गोष्ट. तुला आठवतं, बाबा मनोरे रंगवायला जायचे तेव्हा शिडीवर पाय ठेवायच्या आधी खाली वाकून जमिनीवर तळहात टेकायचे? मी विचारलं की म्हणायचे, “जमिनीला सांगून जायचं, परत येतो म्हणून.” ज्या दिवशी घाईत राहिलं त्या दिवशी ते पडले, असं आई आजही मानते. मग ते काठी घेऊन चालायला लागले आणि आईनं आपल्या दोघांना समोर बसवून वचन घेतलं, की पाय जमिनीवर राहतील असंच काम करायचं. मी तर वचन इतकं पाळलं की जन्म गादीवर काढला.

तर तुमचा तो निळा! प्रत्येक उडीच्या आधी वाकतो आणि जमिनीवर तळहात टेकतो. अगदी तसाच, बोटं पसरून. मी कात्री हातात घेऊन उभी होते, ती तशीच राहिली. तू त्या नटाला बाबांची गोष्ट सांगितलीस ना? बरं केलंस. कपडेपटात बसून तुझ्या हातून एवढं मोठं काम झालं. आईच्या लक्षात आलं की नाही, कळत नाही. ती कापूस निवडत होती.

ताई


१८ फेब्रुवारी

ताई,

पत्र वाचून एकटाच हसलो. खालच्या मजल्यावरच्या घड्याळजीनं वर येऊन विचारलं, काय झालं म्हणून. त्या गिऱ्हाइकाला माझ्या वतीनं एक उशी दे.

बाबांची गोष्ट माझ्याकडूनच तिथे गेली, हे खरं. पहिल्यांदा निळा तसा वाकला तेव्हा दिग्दर्शक ओरडले होते, “हे काय, काही पडलं का खाली?” सगळे हसले. मग त्यांनी ते चित्रण पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, असू दे. पुढे बघणाऱ्यांनी त्याचे काय काय अर्थ काढले. एका मासिकात आलं होतं की निळा पृथ्वीची शक्ती अंगात घेतो. दुसऱ्यात आलं की नटाचा अभिनय आता परिपक्व झाला आहे. तो नट स्वभावानं चांगला माणूस आहे. कौतुक वाचून त्यालाही संकोच झाला.

आई बघतेच आहे तर चौथ्या डीव्हीडीतला पुलाचा भाग तेवढा गाळा. भाऊजींना सांग, त्यात गोष्ट काही पुढे सरकत नाही.

धाकटा


५ मार्च

मेव्हणेबुवा, रामराम.

मला पत्र लिहिण्याची सवय नाही, गादीवर मापं लिहितो तेवढंच. पण हे तुमच्या ताईच्या हातात देण्याआधी मीच लिहायचं ठरवलं.

तुम्ही गाळा म्हणालात म्हणून पुलाचा भाग मी आधी बघितला. कुणीही हेच केलं असतं. निळा पुलावरून उडी टाकतो, खाली धुकं आहे, आणि मग तो नदीकाठी उठून उभा राहतो. टीव्हीवर ते एका क्षणात जातं. इथे मला थांबवता आलं. धुक्याच्या कडेला, अगदी कोपऱ्यात, काहीतरी तपकिरी दिसलं. पुढे-मागे केलं. ती गादी होती. गादीचा कोपरा.

गादी असायचीच, त्यात नवल नाही. पण तिच्यावर तिरका टाका होता. दोन लांब, एक आखूड, आणि कडेला दुहेरी गोट. असा टाका मी घालतो. माझ्या वडिलांनी शिकवला. या गावात दुसरा कोणी घालत नाही, सगळे चौकडा घालतात. आणि हा टाका मी आयुष्यात एकदाच कागदावर काढून पाठवला. तुम्हाला. तुम्ही विचारलं होतंत, उंचावरून जड सामान टाकायचं असेल, सामान फुटू नये आणि उसळूही नये, तर गादी कशी भरावी. मी लिहिलं, खाली कडक, मध्ये नारळाचा काथ्या, वर मऊ, आणि टाका तिरका, म्हणजे भार एका जागी बसत नाही. तुम्ही परत विचारलंत, सामान साधारण माझ्या वजनाचं आहे. मला वाटलं, पेटारे असतील.

मेव्हणे, ते जड सामान म्हणजे तुम्हीच ना?

गादी चांगली झाली होती का, तेवढं कळवा.

तुमचा, गादीवाला

*

धाकट्या,

यांनी मला ते थांबवलेलं चित्र दाखवलं. मी गादी बघितलीच नाही. मी म्हटलं, पुढे चालवा. तो उठला. आधी एक गुडघा, मग मांडीवर हात, मग मान डावीकडे वळवून उभा राहिला. बाबा पडल्यानंतर असेच उठायचे, आणि त्यांचं बघून तूही लहानपणी तसाच उठायचास. आई तुला रागवायची, की धडधाकट असून नक्कल का करतोस.

कपडेपट म्हणे! मी लोकांना काय सांगत आले, ठाऊक आहे? माझा भाऊ शिलाई-इस्त्रीच्या खात्यात आहे, फार सुखाची नोकरी. तुला मी दर थंडीत गुडघ्याला पट्ट्या विणून पाठवल्या, की इस्त्री करताना उभं राहून दुखत असतील. गाढवा!

सगळं लिही. आईला काही कळलेलं नाही. अजून तरी.

ताई


२० मार्च

ताई आणि भाऊजी,

पेटारे नव्हते. मीच होतो. आणि भाऊजी, गादी उत्तम झाली. इथल्या कारागिरांनी तुमच्या चित्रावरून ती शिवली. पुलाच्या उडीनंतर मी तिच्यावर जरासा हललोसुद्धा नाही. तिला इथे सगळे ‘मामाची गादी’ म्हणतात, का ते मला माहीत नाही.

ताई, मी इथे आल्यावर पहिल्या पत्रात कपडेपट लिहिलं तेव्हा ते अक्षरशः खरं होतं. दोन वर्षं मी निळ्याचे पोशाख धुतले, रफू केले, वाळत घातले. मग एकदा त्याच्या जागी उड्या मारणारा माणूस आजारी पडला. सगळी माणसं खोळंबली होती. पोशाख कुणाच्या अंगाला बसेना. मी तो रोज हाताळत होतो, मापं मला पाठ होती, आणि मी म्हणून गेलो की ही तर माझीच मापं. त्या दिवशीची उडी एका ओट्यावरून होती, तुझ्या दुकानाच्या पायरीपेक्षा थोडी उंच. ती काही उंचीवरचं काम म्हणता येईना. मग दुसरी थोडी वर गेली. पत्रात आधीचंच खातं राहिलं. शेवटच्या सीझनला नटाची पाठ धरली, तेव्हापासून मुखवटा चढला की आत मी आणि उतरला की तो, असं ठरलं. भाऊजींनी पाहिलेला सबंध सीझन मुखवट्याच्या आतून मी पाहिलेला आहे.

प्रत्येक उडीआधी देवाचं नाव घेत होतो आणि आईचं वचन आठवत होतो. दोन्ही एकाच वेळी मनात असली की माणूस फार काळजीपूर्वक उडी मारतो. मोठी मोडतोड कधी झाली नाही. देवानं सांभाळलं आणि तुझ्या पट्ट्यांनी. त्या मी पोशाखाच्या आत बांधत होतो.

आता एक पेच आहे. या डीव्हीडी खूप खपल्या, म्हणून कंपनी नवी आवृत्ती काढते आहे. तिच्यात एक जादा डीव्हीडी असेल, मालिका कशी झाली ते दाखवणारी. त्यात मुखवटा काढून मी बसावं आणि बोलावं, असं त्यांचं म्हणणं आहे. दिग्दर्शक स्वतः माझ्या खोलीवर आले. नटानंही निरोप धाडला, की लोकांनी माझं केलेलं निम्मं कौतुक तुझं आहे, ते घेऊन जा, मला जड होतं.

ताई, मला हवंसं वाटतं. हे लिहितानाही लाज वाटते आहे. इतकी वर्षं मी चेहरा झाकून काम केलं आणि त्यात मला सुख होतं, देवाशिवाय कुणी बघत नाही असं समजून. पण एकदा तो मुखवटा काढून बसावं, असं आतून येतं. मात्र ती डीव्हीडी निघाली की आई बघणार. वचन घेतलेलं तिनं, मोडलेलं मी. तू सांगशील तसं करीन.

धाकटा


२९ मार्च

धाकट्या,

नाही म्हण.

मी दोन दिवस विचार केला, म्हणून आज लिहिते. नाहीतर त्याच दिवशी लिहिलं असतं. बाबांना त्या दिवशी खाटेवर घालून आणलं, तेव्हा तू लहान होतास. आईचा चेहरा मी पाहिला आहे. तो तिला या वयात परत द्यायचा नाही. कौतुक काय, आम्ही करू. हे तर आताच करतात. परवा एका गिऱ्हाइकाला गादी दाखवताना म्हणाले, “ही पुलावरून उडी मारायला चालते.” तो म्हणाला, “मला झोपायला हवी होती.”

मालिका संपली, उड्या संपल्या, झाकलेलं झाकलेलं राहू दे.

ताई


११ एप्रिल

ताई,

तुझं बरोबर आहे. आज सकाळी त्यांना नाही म्हणून कळवलं. दिग्दर्शक म्हणाले, विचार बदलला तर महिनाअखेरपर्यंत सांगा, तोवर जागा ठेवतो. मी म्हटलं, बदलणार नाही.

मन शांत आहे. खिडकीत बसून खालचा घड्याळजी काय करतो ते बघतो. त्याच्या दुकानात प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ दाखवतं आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

धाकटा


१९ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र मिळाल्याबरोबर पायात चपला घाल आणि त्या दिग्दर्शकाकडे जा. जागा ठेवली आहे म्हणाले ना? तिच्यावर जाऊन बस. आता का ते ऐक.

यांनी पाचही डीव्हीडी संपवून पुन्हा पहिल्यापासून लावल्या. आई आहेच. आता ती कापसाचं निमित्तही करत नाही, चष्मा पुसून येऊन बसते. परवा दुपारी निळा कुठल्याशा गच्चीवरून पडला आणि उठला. आईनं डोळे उघडले आणि म्हणाली, “हा पोरगा चांगला आहे. उठताना कुरकुर करत नाही.”

यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

मग ती म्हणाली, “याच्या आईला माहीत असेल का गं, हा असा पडतो ते?”

मी म्हटलं, “असेल की.”

“नसणार,” आई म्हणाली. “घाबरेल म्हणून कुणी सांगितलं नसेल तिला. आणि ती बिचारी कुठेतरी बसून समजत असेल, पोरगा बरा आहे.” मग म्हणाली, “पडतो ते नाही सांगितलं तर उठतो ते तरी तिला कुठून कळणार?”

मी कात्री शोधायला म्हणून बाहेर आले. कात्री माझ्या हातातच होती. यांना वाटतं, तिनं ओळखलंय. मला तसं वाटत नाही. ती कुणातरी परक्या बाईविषयी बोलत होती आणि तिच्यासाठी तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती परकी बाई आपल्याच मागच्या खोलीत बसली आहे, हे माझ्याच्यानं बघवेना.

मी चुकले. आईला मी जपत नव्हते, मला स्वतःला तिचा तो चेहरा पुन्हा बघायचा नव्हता. मी तिला आधी काही सांगणार नाही. तुझं तोंड तू दाखव. नीट दाढी करून बस.

ताई


८ मे

ताई,

पत्र मिळालं त्याच दिवशी गेलो. दिग्दर्शकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “तुमची उडी नेहमी वेळेवरच असते.”

एका रिकाम्या खोलीत स्टुलावर बसवलं. अंगात निळा पोशाख, मुखवटा मांडीवर. ताई, पुलावरून खाली बघताना जितकी भीती वाटली नव्हती, तितकी त्या दिव्यासमोर वाटली. मग खाली वाकून फरशीवर तळहात टेकला, तेव्हा आवाज फुटला. त्यांनी तेही ठेवलं आहे. मी बाबांचं सांगितलं, मनोऱ्यांचं आणि जमिनीला सांगून जाण्याचं. आईनं घेतलेल्या वचनाचंही सांगितलं. भाऊजींच्या टाक्याचं सांगितलं, आणि तो दाखवायला त्यांनी गादीचं जवळून चित्रण केलं. भाऊजींनी आता गर्वानं फुगून जाऊ नये.

नवी आवृत्ती बाजारात यायची आहे, तिची पहिली प्रत सोबत आहे. सहावी डीव्हीडी. आई काय म्हणेल ते जसंच्या तसं लिही. गोड करून लिहू नकोस.

धाकटा


२१ मे

धाकट्या,

जसंच्या तसं म्हणालास, तर घे.

दुपारी लावली. दुकानाची पाटी लावली होती, त्या दिवशी खरोखर कुणी जेवलं नव्हतं. तू दिसलास. आई पुढे सरकली.

“हा आपला धाकटा.”

“हो, आई.”

“हा तिथे काय करतोय?”

“बोलतोय.”

“ते मला दिसतंय. कपडे कुणाचे घातलेत?”

मी काही म्हणायच्या आत पडद्यावर तो पूल आला. एका बाजूला निळा उडी टाकतोय, दुसऱ्या बाजूला तू मुखवटा काढतोयस. आईनं डोळे मिटले नाहीत. पहिल्यांदाच. तिनं हात पुढे केले, टीव्हीच्या काचेपर्यंत, दोन्ही तळवे वर, ताटातून काही सांडायला लागलं की आपण करतो तसे. तू खाली पोचलास. उठलास. हात तसेच होते.

“बंद कर,” म्हणाली. यांनी बंद केलं.

ती उठून मागच्या अंगणात गेली आणि वाळत घातलेला सगळा कापूस पुन्हा पालथा घातला. जेवायला बसली, अर्धं जेवली. हात धुऊन आली आणि म्हणाली, “कपडेपटात आहे म्हणाला होता.”

“हो.”

“कपड्यांच्या आतच होता म्हणायचा.” मग यांच्याकडे वळून, “आणि तुमच्या गाद्यांवर पडत होता?”

हे घाबरून म्हणाले, “फक्त टाका माझा होता, आई.”

“घट्ट होता का?”

“दुहेरी गोट होता.”

“मग ठीक,” म्हणाली आणि झोपायला गेली. वचनाचं काय, असं मी विचारलं तर अंधारातून आवाज आला, “त्याचं मी त्याच्याशी बघेन. तू मध्ये पडू नकोस.”

आता दुसऱ्या दिवसाचं ऐक. सकाळी दुकान उघडायच्या आधीच ती येऊन बसली होती. यांना म्हणाली, तो रिमोट शिकवा. यांनी चालू-बंद, आवाज, सगळं समजावायला घेतलं. “तेवढं नको. पुढे पळवायचं बटण कुठलं, तेवढंच दाखवा.” दाखवलं. तेव्हापासून ती एकटी बघते. निळा वाकून जमिनीला हात लावतो, तिथपर्यंत बघते. तो सरळ झाला की बटण दाबते. मधलं सगळं भुर्रकन पळतं. तू खाली पोचलास की बोट काढते आणि तू उठतोस ते पूर्ण बघते. मग पुन्हा बटण. सबंध सीझन तिनं असाच बघितला. यांनी कळवळून सांगितलं, आई, अशानं मधली गोष्ट राहते. तर म्हणाली, “गोष्ट तुम्ही बघा. मला पडताना दाखवू नका. उठतो तेवढं पुरे.”

तिचे निरोप असे. डाव्या गुडघ्यावर जास्त भार देतोस, तो देऊ नकोस. बाराव्या भागात दाढी नीट केली नव्हतीस, मुखवट्याखालून हनुवटी दिसते. आणि एक प्रश्न आहे, तो तिनं तीनदा विचारला, म्हणून मुद्दाम लिहिते. शेवटच्या भागात, शेवटच्या उडीनंतर, तू उठायला वेळ लावलास. बाकी सगळीकडे लगेच उठतोस. तिथे तिला बटणावरून बोट काढून थांबावं लागलं. “त्याला लागलं होतं का, विचार,” म्हणते. “खरं लिहायला सांग. आता सगळं बघून झालंय माझं.”

खरं लिही.

ताई


३० मे

आई,

हे पत्र तुझ्या नावानं आहे आणि घराच्या पत्त्यावर टाकतो आहे. ताईनं वाचून दाखवावं.

शेवटच्या उडीत मला लागलं नव्हतं. दिग्दर्शकांनी ‘झालं’ म्हटलं तरी मी उठलो नाही, कारण त्यानंतर दुसरी उडी नव्हती. भाऊजींच्या टाक्याची गादी होती. तिच्यावर मी थोडा वेळ पडून राहिलो. वरून दिवे दिसत होते, कुणी शिडी काढत होतं, कुणी दोर गुंडाळत होतं. मनात आलं, आपण इतक्या वेळा खाली आलो आणि प्रत्येक वेळी कुणीतरी खाली हात धरून होतं. देवाचे आभार मानले. ते जरा लांबले. तेवढाच उशीर, आणि त्यांनी तो चित्रणात तसाच ठेवला.

वचन मोडलं ते मोडलंच, आई. त्याचं तू माझ्याशी बघणार आहेस असं ताईनं लिहिलंय, त्यासाठी समोर यावं लागेल. इथे उड्या शिकवायला राहा म्हणत होते. मी त्यांना तिरका टाका शिकवला आणि रजा घेतली. खोली आवरली. घड्याळजीनं एक घड्याळ भेट दिलं, ते वेळ चुकीची दाखवतं. भाऊजींना सांग, दुकानात मला एक जागा ठेवा, जमिनीपासून गादीच्या उंचीवर, त्याहून वर नाही.

एक गोष्ट ताईलाही ठाऊक नसेल. फार वर्षांपूर्वी घरातून निघालो तेव्हा तू दारात उभी होतीस. चपलेचा पट्टा लावायच्या निमित्तानं मी वाकलो आणि पायरीजवळच्या जमिनीवर तळहात टेकला. तू पाहिलं नसशील असं तेव्हा वाटलं होतं, आता तसं वाटत नाही.

आज ही खोली सोडताना सवयीनं वाकलो, आणि तसाच सरळ झालो. इथल्या जमिनीला काही सांगायचं नव्हतं.

गुरुवारी सकाळी पोचतो.

तुझा धाकटा